फिरस्त्या बास्केटबॉलपटूने प्रशिक्षक कसे व्हावे

इश स्मिथ हा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारा खेळाडू, अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये तेरा संघांकडून खेळला. २०२२-२३ च्या हंगामात डेन्व्हरची जर्सी अंगावर चढली तेव्हा त्या लीगमधील सर्वाधिक संघांचा विक्रम त्याच्या नावावर लागला, आणि त्याच हंगामात डेन्व्हर विजेताही ठरला. अशा खेळाडूला आपण फिरस्ता म्हणू. त्याचे नाव पोस्टरवर नसते, त्याला कोणी दहा दिवसांच्या करारावर बोलावते, कोणी जखमी खेळाडूच्या जागी अर्धा हंगाम ठेवते, आणि तरीही दर नव्या गावी पोचल्यावर दोन सरावांत त्याला संपूर्ण डावपेच तोंडपाठ करावे लागतात.

गोव्यातून बाहेर पडलेल्या बास्केटबॉलपटूची फिरस्ती थोडी निराळी असते. आपल्याकडे व्यावसायिक खेळ म्हणजे बहुतेकांसाठी रेल्वे, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक, सेनादल किंवा पोलीस यांसारखा एखादा खात्याचा संघ, मधूनमधून निमंत्रित स्पर्धेत गेस्ट खेळाडू म्हणून मिळालेला आठवडा, आणि नशिबाने साथ दिली तर एखाद्या लीगचा एखादा हंगाम. यूबीए लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि २०१७ नंतर थांबली; पुढे भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या पाठबळावर सहा शहरांच्या संघांची आयएनबीएल ही लीग २०२२-२३ मध्ये खेळली गेली. एवढ्या तुटक रस्त्यावर जो दहा-बारा वर्षे टिकला त्याच्यापाशी शिकवण्यासारखे पुष्कळ असते, पण ते आपोआप शिकवता येत नाही. मी स्वतः फोंड्याजवळच्या एका उघड्या कोर्टावर खेळायला लागलो, पाच संघांची जर्सी घातली, बहुतेक काळ सहावा किंवा सातवा खेळाडू होतो, आणि आता मुला-मुलींना शिकवतो. या वाटेवर जे चुकत चुकत कळले ते इथे क्रमाने लिहीत आहे. वाचणारा अजून खेळत असेल आणि त्याच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली असेल, तर त्याला याचा सर्वांत जास्त उपयोग होईल.

खेळणे थांबण्याआधीची दोन वर्षे

पहिले काम वहीचे आहे, आणि ते निवृत्तीनंतर करता येत नाही. फिरस्त्याची खरी कमाई म्हणजे त्याने पाहिलेले प्रशिक्षक. एकाच संघात पंधरा वर्षे काढलेल्या नामांकित खेळाडूला एक किंवा दोन पद्धती आतून माहीत असतात. आपल्याला सहा माहीत असतात, त्यांतल्या दोन वाईट असतात, आणि वाईट पद्धत आतून पाहिलेली असणे हेही भांडवलच आहे. मात्र स्मरणशक्ती फसवी असते. पाच वर्षांनी आठवतात ते आपण टाकलेले पॉइंट, प्रशिक्षकाने त्या दिवशी तिसऱ्या क्वार्टरला कोणाला का बसवले हे आठवत नाही.

म्हणून प्रत्येक सामन्यानंतर त्याच रात्री एक पान लिहावे, आणि त्यात स्वतःच्या खेळाविषयी शक्यतो काही लिहू नये. माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यासाठी देतो: «चौथा क्वार्टर, ४ मिनिटे १० सेकंद बाकी, आपण सहाने मागे. टाइम-आउट. सरांनी २-३ झोन लावला. त्यांनी दोनदा चेंडू विंगवरून कोपऱ्यात फिरवला, दोन्ही थ्री आत. दीड मिनिटात परत मॅन-टू-मॅन. सरांनी झोन लावताना कोपऱ्याकडे कोण धावणार हे सांगितलेच नव्हते. दोघे एकमेकांकडे बघत राहिले.» या नोंदीतला शेवटचा एक भाग मला प्रशिक्षक म्हणून कित्येक वेळा उपयोगी पडला आहे, कारण झोन, म्हणजे आपापला माणूस धरण्याऐवजी (ते मॅन-टू-मॅन) आपापली जागा राखण्याचा बचाव, निवडण्यात चूक नव्हती, जबाबदारी वाटून देण्यात होती, आणि हे बाकावरूनच दिसत होते.

बाकावर बसणे ही शिक्षा आहे असे मानणाऱ्याने प्रशिक्षणाच्या वाटेला जाऊ नये. बाक ही फुकटची शाळा आहे. तिथे बसून चेंडूकडे पाहायचे नाही, चेंडूपासून दूर असलेल्या तीन खेळाडूंकडे पाहायचे. स्टीव्ह कर १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पन्नासाव्या क्रमांकावर निवडला गेला, सहा संघांकडून खेळला आणि बहुतेक कारकीर्द बाकावरून उठून दोन-चार शॉट मारण्यात गेली. पण त्या बाकावर त्याच्या शेजारी फिल जॅक्सन आणि ग्रेग पॉपोविच यांच्यासारखे नामवंत प्रशिक्षक उभे असत, आणि २०१४ मध्ये गोल्डन स्टेटचा प्रशिक्षक झाल्यावर पहिल्याच हंगामात त्याने विजेतेपद मिळवले. आपल्या शेजारी तसे लोक नसतील, तरी कोणीतरी असतेच.

याच दोन वर्षांत सहायकाची कामे मागून घ्यावीत. सरावाआधी कनिष्ठ खेळाडूंचे वॉर्म-अप घेणे, प्रतिस्पर्धी संघाचा सामना गॅलरीत बसून पाहणे आणि त्यांचे कोणते खेळाडू डाव्या हाताने जात नाहीत एवढे लिहून देणे, टेबलवर बसून स्कोअरशीट भरायला शिकणे, ही कामे कोणी नाही म्हणत नाही, कारण ती कोणालाच नको असतात. मी स्कोअरशीट भरायला शिकलो ते एका स्पर्धेत टाच दुखावल्यामुळे, आणि टीम फाउल व टाइम-आउट यांचा हिशेब डोक्यात ठेवण्याची सवय तिथेच लागली.

कागदपत्रे

हा भाग रुक्ष आहे, पण इथे नुकसान पैशांत मोजावे लागते. प्रत्येक संघातून बाहेर पडताना कराराची प्रत, थकबाकीचा लेखी हिशेब आणि सहभागाचे प्रमाणपत्र घेऊनच निघावे. राष्ट्रीय स्पर्धांच्या प्रमाणपत्रांचे मूळ कागद एका फाइलमध्ये ठेवून त्यांच्या साक्षांकित प्रती वेगळ्या ठेवाव्यात. एका संघाने मला शेवटच्या दोन महिन्यांचे मानधन दिले नाही, आणि ते मिळवता आले नाही, कारण ठरलेली रक्कम तोंडी होती. दोष त्यांचा होता, पण मूर्खपणा माझाही होता.

परदेशातल्या एखाद्या छोट्या लीगकडून बोलावणे आले तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एका देशाच्या महासंघातून दुसऱ्या देशाच्या महासंघाकडे जाताना फिबा या जागतिक बास्केटबॉल महासंघाच्या नियमानुसार मूळ महासंघाचे सोडपत्र, म्हणजे लेटर ऑफ क्लिअरन्स, लागते. ते हातात येईपर्यंत विमानाचे तिकीट स्वतःच्या पैशाने काढू नये. दुसरे म्हणजे करारात वाद झाल्यास तो बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे नेण्याचे कलम आहे का ते पाहावे. जिनिव्हाचे हे लवादमंडळ २००७ मध्ये सुरू झाले ते मुख्यतः अशाच अडकलेल्या पगारांसाठी, पण करारात ते कलम नसेल तर त्याचे दार आपल्यासाठी उघडत नाही.

परत गोव्यात येऊन सरकारी नोकरीचा विचार असेल तर आणखी एक गाठ आहे. इथल्या सरकारी पदांच्या जाहिरातींत पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोंकणीचे ज्ञान मागितलेले असते, मराठीचे ज्ञान असल्यास इष्ट असे लिहिलेले असते. ज्याने तारुण्यातली दहा वर्षे चेन्नई किंवा कोलकात्याच्या वसतिगृहात काढली त्याने मामलेदार कार्यालयात जाऊन आपल्या बाबतीत काय कागद लागतील हे जाहिरात निघण्याच्या खूप आधी विचारून ठेवावे. शाळेतले दाखले, रेशनकार्डावरचे नाव, मतदार यादी हे सर्व खेळाडू घरी ठेवून विसरलेला असतो.

शिक्षण

खेळून आलो म्हणजे शिकवता येते, हा समज फक्त खेळाडूंमध्येच आढळतो. स्वयंपाक जेवून येतो असे कोणी म्हणत नाही. भारतात प्रशिक्षकाच्या शिक्षणाची प्रमुख जागा म्हणजे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था. ती १९६१ मध्ये सुरू झाली आणि तिची पदविका अजूनही सरकारी प्रशिक्षकाच्या पदासाठी सर्वांत आधी विचारली जाते. वर्षभर घर सोडणे शक्य नसेल तर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम हा मधला मार्ग आहे. शाळेत शारीरिक शिक्षण शिक्षक व्हायचे असेल तर मात्र बी.पी.एड.ला पर्याय नाही, आणि त्यासाठी पदवी हवी; ज्यांनी बारावीनंतर खेळाच्या कोट्यातून नोकरी धरली त्यांनी खेळत असतानाच मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करून टाकावी. फिबाचे प्रशिक्षक अभ्यासक्रमही टप्प्याटप्प्याने असतात. पहिल्या टप्प्यातला मजकूर अनुभवी खेळाडूला सोपा वाटतो, पण त्यात मुलांना कोणत्या वयात काय शिकवू नये हे सांगितलेले असते, आणि नेमके तेच आपल्याला ठाऊक नसते.

प्रमाणपत्राइतकेच महत्त्वाचे म्हणजे नियम पुन्हा वाचणे. ज्याने २००० च्या दशकात खेळ शिकला त्याच्या अंगात भिनलेले अर्धे नियम आज लागू नाहीत. २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली आणि रिंगखालचा समलंब चौकोन जाऊन आयत आला. पुढे आक्रमक संघाने रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा चेंडू, परत घेतल्यावर शॉट क्लॉक, म्हणजे शॉट टाकण्याची मुदत मोजणारे घड्याळ, २४ ऐवजी १४ सेकंदांवर येऊ लागले. २०१७ पासून धावता धावता चेंडू हाती येतो त्या क्षणी जमिनीवर असलेले पाऊल शून्य धरले जाते आणि त्यानंतर दोन पावले मिळतात. या शेवटच्या बदलाने माझी भर मैदानात शोभा झाली होती. एका मुलीला मी तीन वेळा शिट्टी मारून थांबवले, ट्रॅव्हल झाले, म्हणजे पावले जास्त पडली, म्हणून सांगितले, आणि शेजारी बसलेल्या तरुण पंचाने हळूच येऊन सांगितले, «सर, ती बरोबर आहे.» मुलांसमोर तिची क्षमा मागितली आणि त्या रात्री नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतले.

दुय्यम खुर्ची

थेट मुख्य प्रशिक्षकपद मिळत असेल तरी एक हंगाम तरी दुसऱ्याच्या हाताखाली काढावा. एरिक स्पोएलस्ट्रा जर्मनीच्या हर्टन गावातल्या छोट्या क्लबमध्ये खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी कामे करून १९९५ मध्ये मायामीला आला तेव्हा त्याला व्हिडिओच्या खोलीत बसवले गेले. २००८ मध्ये तो त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला, आणि २०१२ व २०१३ ची विजेतेपदे त्यानंतरची. क्रिस फिंच इंग्लंडमध्ये शेफील्डकडून खेळला, तिथेच प्रशिक्षक झाला, आणि एनबीएच्या मिनेसोटाचा मुख्य प्रशिक्षक होईपर्यंत २०२१ साल उजाडले. या दोघांपैकी कोणीही एनबीएमध्ये एक सामनाही खेळलेला नाही.

आपल्याकडे व्हिडिओची खोली नसते, पण मोबाइल असतो. तो कोर्टाच्या मध्यरेषेसमोर गॅलरीच्या वरच्या पायरीवर स्टँडवर लावून सबंध सामना घ्यावा, आणि घरी बसून सुरुवातीला फक्त एकच गोष्ट मोजावी: चेंडू हातातून गेल्यावर आपले किती खेळाडू तीन पावले पूर्ण वेगाने परत धावले. मुख्य प्रशिक्षकाला दहा पानी अहवाल देऊ नये. एक वाक्य आणि वीस सेकंदांच्या तीन क्लिप दिल्या तर तो पाहतो.

जुन्या सहकाऱ्यांच्या संघात सहायक होणे टाळता आले तर टाळावे. काल ज्याच्याबरोबर जेवणाचे ताट वाटून घेतले त्याला आज बसवताना जीभ अडते, आणि तोही आपल्याला «अरे जा रे» म्हणायला मोकळा असतो.

पहिला स्वतःचा गट

बहुधा तो दहा ते तेरा वर्षांच्या मुला-मुलींचा असतो, शाळेचा असतो, आणि कोर्टावर धड रिंग एकच असते. पहिल्या दिवशी मोजपट्टी घेऊन जावे. रिंगची उंची ३.०५ मीटर असायला हवी, पण जुन्या खांबांखाली दोनदा काँक्रीट चढवलेले असते आणि उंची भरत नाही. लहान मुलांसाठी मिनी बास्केटबॉलची रिंग २.६० मीटरवर आणि चेंडू पाच नंबरचा हवा. मुलींना मोठेपणी सहा नंबर, मुलांना सात. सात नंबरचा चेंडू दहा वर्षांच्या मुलीच्या हातात दिला की ती छातीवरून पास न देता कमरेपासून ढकलते, आणि ती सवय पुढे तीन वर्षे मोडत बसावी लागते.

आता मुख्य अडचणीकडे येतो. आपल्याला जे उत्तम येते ते आपल्याला सांगता येत नाही, कारण ते आपण विचार न करता करतो. उदाहरणार्थ ले-अप, म्हणजे धावत रिंगपाशी येऊन उडी घेत एका हाताने टाकायचा शॉट. मला कोणी विचारले की उजव्या बाजूने ले-अप कसा टाकतोस, तर मी म्हणालो असतो, «असा», आणि टाकून दाखवला असता. पहिल्या हंगामात मी हेच केले. मुले पाहत उभी राहिली, टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांनी उजव्या पायावर उडी घेऊन उजव्या हाताने चेंडू बोर्डाच्या मागे भिरकावला. महिनाभराने एका बारा वर्षांच्या मुलीने विचारले, «सर, तुम्हीच टाकत राहिलात तर आम्ही कधी टाकायचे?» त्या दिवसापासून मी सरावाला खेळाचे बूट घालून जाणे बंद केले.

ले-अप शेवटाकडून सुरुवातीकडे शिकवावा. प्रथम मुलाला रिंगच्या उजव्या अंगाला, बोर्डापासून साधारण दीड पाऊल अंतरावर, चेंडू हातात घेऊन उभे करावे आणि डाव्या पायावर उभे राहून उजवा गुडघा वर उचलायला सांगावे, जणू उजव्या कोपराला आणि उजव्या गुडघ्याला एकाच दोरीने बांधले आहे. तिथूनच, न धावता, चेंडू बोर्डावरच्या चौकोनाच्या उजव्या वरच्या कोपऱ्याला लावायचा. दहापैकी सात आत गेले की एक पाऊल मागे: डावे पाऊल टाकून उडी. मग आणखी एक: उजवे, डावे, उडी. इथे मुलांकडून पावलांचा उच्चार मोठ्याने करून घ्यावा, आमच्या कोर्टावर मुले «उजवा, डावा, वर!» असे ओरडतात आणि शेजारच्या घरातल्या आजीलाही आता ते पाठ झाले आहे. चेंडू जमिनीवर आपटणे, म्हणजे ड्रिबल, या सर्वांच्या शेवटी येते. या क्रमाने घेतले की शेवट आधीच अंगवळणी पडलेला असतो आणि मूल जसजसे मागे जाते तसतसे ते ओळखीच्या जागेकडे धावते. उलट क्रमाने, म्हणजे मध्यरेषेपासून ड्रिबल करत आणून शिकवले, तर सर्व लक्ष चेंडू सांभाळण्यात जाते आणि पाय जुळायच्या आत रिंग येते. डाव्या हाताचा ले-अप त्याच आठवड्यात सुरू करावा, नंतर नव्हे.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट सांगावी. गुडघा, कोपर, नजर आणि पाऊल असे चारही एकदम सांगितले की मूल जागच्या जागी गोठते. आणि सांगायचे ते दोन शब्दांत: «गुडघा वर.» लांब वाक्ये वर्गात शोभतात, कोर्टावर ती अर्ध्या वाटेत हवेत विरतात. गोव्यात आणखी एक सोय करून घ्यावी. मुले घरी कोंकणी बोलतात, काही मराठी, काही हिंदी, शाळेत इंग्रजी, म्हणून संघाच्या हाका पहिल्याच आठवड्यात सर्वांनी मिळून ठरवाव्यात आणि त्या बदलू नयेत. आमच्याकडे स्क्रीन आली, म्हणजे बचाव करणाऱ्याची वाट अडवायला समोरचा खेळाडू उभा राहिला, की «भिंत» म्हणतात. ते मी सुचवले नव्हते, एका मुलाच्या तोंडून निघाले आणि राहिले.

मुलांबरोबर काम करणाऱ्याने पॉक्सो हा २०१२ चा केंद्रीय कायदा आणि गोवा बाल कायदा, २००३ हे दोन्ही एकदा नीट वाचावेत, किंवा कोणाकडून तरी समजून घ्यावेत. व्यवहारात याचा अर्थ असा की एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत थांबू नये, निरोप पालकांच्या गटावरच द्यावेत, मुलांना खाजगी संदेश पाठवू नयेत, आणि हात किंवा कोपर धरून दुरुस्त करायची वेळ आलीच तर आधी विचारून, सर्वांसमोर करावी. बहुतेक दुरुस्त्या स्वतःच्या अंगावर दाखवून होतात. आपल्या काळात प्रशिक्षक कान पिळत असत, पाठीवर धपाटा घालत असत, आणि आपण ते प्रेमाने आठवतो. ते इथेच सोडून द्यावे.

नव्वद मिनिटे आणि पाऊस

सरावाचा आराखडा कागदावर मिनिटांसह लिहून खिशात ठेवावा. चौदा मुले आणि एक रिंग असेल तर रांगेत उभे राहणे हाच त्यांचा मुख्य व्यायाम होतो. मी घड्याळ लावून पाहिले तेव्हा एका मुलाने तासाभरात फक्त एकोणीस वेळा चेंडू हातात घेतला होता. उपाय म्हणजे तुकड्या: चौघे रिंगवर, पाच जण भिंतीवर पास, पाच जण जागच्या जागी दोन हातांचे ड्रिबल, आणि दर सहा मिनिटांनी अदलाबदल. शेवटची वीस मिनिटे खेळ, तोही तीन विरुद्ध तीन. तीन-तीनचा खेळ आता ऑलिम्पिकचाही आहे, अर्ध्या कोर्टावर होतो, शॉट क्लॉक फक्त बारा सेकंदांचे, आणि दहा मिनिटांत किंवा एकवीस गुणांवर निकाल लागतो. आपल्याकडच्या अर्धवट कोर्टांना तो शोभतो. शिवाय त्या स्पर्धांत प्रशिक्षकाला खेळाडूंना सूचना देता येत नाहीत, त्यामुळे मुलांना आपापसांत बोलावेच लागते, आणि प्रशिक्षकाला गप्प बसण्याची सवय लागते, जी आपल्यापैकी पुष्कळांना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने लागत नाही.

जून ते सप्टेंबर हा गोव्यातल्या उघड्या कोर्टाचा शत्रू आहे. सिमेंटवर शेवाळ धरते, आणि पाऊस थांबून ऊन पडले की कोर्ट कोरडे दिसते पण रिंगखालच्या सावलीत ते साबणासारखे निसरडे असते. घोटे तिथेच मुरगळतात. ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासावे, पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळेपर्यंत कोणाला पाऊल ठेवू देऊ नये. खाऱ्या वाऱ्याने रिंग गंजते, म्हणून मे महिन्यातच ऑइल पेंटचा हात मारून घ्यावा आणि जाळी दर हंगामात बदलावी. पणजी, म्हापसा, मडगाव परिसरातल्या बंदिस्त स्टेडियममध्ये वेळ मिळाली तर उत्तमच, पण तिथे बॅडमिंटनवाले आपल्या आधी पोचलेले असतात. मी पावसाळ्यातले दोन महिने शाळेच्या व्हरांड्यात काढतो: पायांचे काम, एका पायावर वळण्याचा पिव्हट, खोटा पास, दोन चेंडूंचे ड्रिबल, आणि शुक्रवारी भिंतीवर चादर लावून एखाद्या सामन्याची दहा मिनिटे. चवथीच्या दिवसांत सराव ठेवू नये. कोणी येत नाही, आणि येऊही नये.

सामन्याचा दिवस

फिबाच्या नियमांत पूर्वार्धात दोन आणि उत्तरार्धात तीन टाइम-आउट मिळतात, प्रत्येक एक मिनिटाचा. त्या मिनिटातली पहिली वीस सेकंदे मुले धापा टाकत असतात आणि काहीही ऐकत नाहीत. तेव्हा पाणी द्यावे आणि आपण स्वतः ठरवावे. पुढची पंचवीस सेकंदे बोलावे: एक गोष्ट बचावाची, एक आक्रमणाची, आणि प्रत्येकीपुढे एक नाव. «कोपरा बंद करा» असे सांगून उपयोग नाही. «कोपऱ्यात तू जायचेस, तुझ्या जागी ती सरकेल» असे सांगावे, नाहीतर माझ्या वहीतल्या त्या दोन खेळाडूंसारखी ती एकमेकींकडे बघतात. उरलेल्या वेळात मुलांपैकी कोणालातरी तेच परत म्हणायला लावावे. म्हणता आले नाही तर आपण नीट सांगितले नाही.

फिरस्त्याला इथे एक मोह होतो, सहा प्रशिक्षकांकडून उचललेले सहा डाव एकाच हंगामात वापरण्याचा. बारा वर्षांच्या संघाला मॅन-टू-मॅन बचाव, रेषेबाहेरून चेंडू आत देण्याचा एक इनबाउंड डाव आणि चेंडू मिळताच पळणे, एवढे पुरते. पिक अँड रोल, म्हणजे स्क्रीन लावून रिंगकडे वळण्याचा दोघांचा डाव, पुढच्या वर्षी. बाकीचे डाव वहीत राहू द्यावेत, ते नासत नाहीत.

पंचांशी वाद घालू नये हे सर्वांना माहीत असते, तरी सगळे घालतात. प्रशिक्षकाच्या स्वतःच्या वागण्याबद्दल दोन टेक्निकल फाउल लागले की त्याला कोर्ट सोडावे लागते, आणि प्रत्येक टेक्निकलबरोबर समोरच्याला एक फ्री थ्रो मिळतो. खेळाडू असताना पंचावर ओरडून आपण आपलाच राग मोकळा करत होतो. आता त्याची किंमत बाकावरच्या मुलांच्या गुणांतून वजा होते, आणि पुढच्या सामन्यात तीच मुले तसेच हात वर करून पंचाकडे धावतात. काही विचारायचे असेल तर चेंडू थांबलेला असताना, कर्णधाराकडून.

पालक सामन्यानंतर भेटतात, बहुधा गाडीत बसताना, आणि त्यांचा प्रश्न एकच असतो. खेळवलेल्या मिनिटांचा हिशेब वहीत असेल तर उत्तर सोपे जाते. शाळेच्या पहिल्या फेरीत मी प्रत्येक मुलाला किमान एक क्वार्टर देतो आणि हे हंगामाच्या सुरुवातीला पालकांना लेखी कळवतो. त्यामुळे एखादा सामना जातो. गेला तर गेला. बाकावर बसलेल्या मुलाला काय वाटते हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सामना सुरू होण्याच्या किमान दहा मिनिटे आधी टेबलपाशी जाऊन स्कोअरशीटवरची खेळाडूंची नावे आणि नंबर तपासावे लागतात, सुरुवातीच्या पाच जणांसमोर खूण करून सही करावी लागते. यजमान म्हणून आपला संघ ए असेल तर हे आपण आधी करायचे. पहिल्यांदा हे करताना माझा हात सवयीने आठ नंबरवर गेला, जो मी बहुतेक संघांत वापरला होता, आणि तिथे एका सातवीतल्या मुलीचे नाव लिहिलेले होते. पेन दोन बरोबर न्यावेत. टेबलवरचे पेन नेहमी कोणीतरी खिशात घालून गेलेले असते.